न्याहारीचे टेबल



आजचा विषय आम्ही कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका स्नेह्यांनी आम्हांला हसत हसत विचारले, ‘अहो, न्याहारीला कसला आला आहे इतिहास? ती खाल्ली की संपली!’ प्रश्न थट्टेचा असला तरी अगदीच टाकाऊ नाही. इतिहास म्हटला की तह, लढाया आणि राज्याभिषेक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. सकाळी दहा वाजता कोणी कोणत्या टेबलावर बसून काय खाल्ले, याची नोंद कोणता बखरकार ठेवणार?

परंतु आपल्याच भाषेकडे पाहा. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’, ‘पंक्तिप्रपंच’, ‘रोटीबंदी’ हे शब्द काय सांगतात? माणूस काय खातो यापेक्षा तो कोणाच्या शेजारी बसून खातो, कोणाच्या हातचे खातो आणि कोणाला पानावरून उठवितो, यांवर आपल्या समाजाची बांधणी उभी होती. आणि ही गोष्ट एकट्या आपल्या देशाची नव्हे. आज आम्ही आपल्याला घेऊन जाणार आहोत ते दूर अमेरिकेतील एका शहरात. तेथे उंची उपाहारगृहातील न्याहारी हा एक सोहळाच होऊन बसला. त्या सोहळ्याची कथा सांगू लागले की अखेरीस ती न्यायालयाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन पोचते.

ते शहर म्हणजे न्यू ऑर्लिअन्स. मिसिसिपी नदीच्या वळणावर 1718 मध्ये फ्रेंचांनी ते वसविले, पुढे ते स्पॅनिश अमलाखाली गेले आणि 1803 मध्ये अमेरिकेने ते विकत घेतले. तीन राजवटींचे पाणी प्यालेल्या या शहराची जीभ मोठी रसिक झाली. त्याच्या पाकशास्त्राला ‘क्रिओल’ म्हणतात. त्यात फ्रेंच रस्से आहेत, स्पॅनिश मसाले आहेत आणि आफ्रिकेतून आलेली भेंडीही आहे. भेंडी आली म्हणजे ती पिकविणारी व रांधणारी माणसेही आली, हे ओघानेच आले. ती माणसे स्वखुशीने आलेली नव्हती. जहाजांच्या तळाशी साखळदंडांत बांधून त्यांना आणलेले होते.

या शहरातील विकतची सकाळची न्याहारी पहिल्याने रस्त्यावर मिळू लागली, आणि ती विकणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. रात्रीच्या उरलेल्या भाताला खमीर लावून, सकाळी त्यात अंडी, पीठ, साखर आणि जायफळ घालून त्या तळणीतून गोळे काढीत. त्या पदार्थाचे नाव ‘काला’. नाव ऐकून आपल्याला गोपाळकाला आठवेल. पण हे नामसाम्य केवळ योगायोगाचे, जात म्हणाल तर ती आपल्या घारग्यांची. डोक्यावर टोपली घेऊन, ‘गरम गरम’ अशी आरोळी ठोकीत या स्त्रिया गल्लोगल्ली हिंडत. रविवारी प्रार्थना आटोपून लोक देवळातून बाहेर पडले की त्यांच्याभोवती गर्दी जमे. रोझ निको नावाची एक गुलाम स्त्री अशाच रीतीने देवळाजवळ कॉफी विकीत असे.

या टोपलीत केवळ न्याहारी नव्हती. स्पॅनिश अमलात गुलामाला स्वतःची किंमत मालकाला चुकती करून मुक्त होण्याचा हक्क कायद्याने होता. मालकाचे काम संपल्यावर किंवा सुटीच्या दिवशी जे चार पैसे मिळत ते साठवून कित्येकींनी आपली, आपल्या मुलांची किंमत मोजली. रोझ निकोनेही कॉफी विकून आपली सुटका विकत घेतली. अमेरिकन अंमल आल्यावर ही वाट हळूहळू अरुंद होत गेली. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या शहरात न्याहारी हे प्रथम स्वातंत्र्याचे साधन होते. खाणाऱ्याला त्याचा पत्ताही नसेल. विकणारीला मात्र प्रत्येक घारग्याचा हिशेब ठाऊक होता.

आता रस्त्यावरून आपण टेबलाकडे येऊ. नदीकाठी ‘फ्रेंच मार्केट’ नावाची मोठी मंडई होती. तेथील खाटीक पहाटेपूर्वीच कामाला लागत. कॉफीचा पेला आणि पावाचा तुकडा एवढ्यावर त्यांची पहाट निघे. अकराच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरले की पोटात कावळे ओरडू लागत. या भुकेल्या मंडळींसाठी एक खानावळ निघाली. बव्हेरियातून 1853 मध्ये आलेली एलिझाबेथ केटनरिंग ही तिची अन्नपूर्णा. तिचा भाऊ याच मंडईत खाटीक होता. पहिल्या पतीबरोबर तिने 1863 मध्ये ही खानावळ थाटली. तो वारल्यावर 1880 मध्ये तिने इपोलित बेगे यांच्याशी विवाह केला आणि खानावळीला ‘बेगे’ हे नाव मिळाले. बाई चुलीपाशी आणि बुवा गिऱ्हाइकांपाशी, अशी कामाची वाटणी होती.

मादाम बेगे यांची ही ‘दुसरी न्याहारी’ बरोबर अकराला सुरू होई. न्याहारी म्हणावी तर ती आपल्या लग्नाच्या जेवणावळीइतकी लांबे. ऑम्लेट, कालवे, नदीतले खेकड्यासारखे जलचर, रस्से, फळे, वाईन आणि शेवटी काळी कॉफी असे एकामागून एक पदार्थ येत राहत. वासराचे काळीज त्या ज्या पद्धतीने रांधीत, त्याची कीर्ती दूरवर गेली होती. मंडईतील मांसाचे मर्म खाटकांना पुरते ठाऊक, त्यामुळे त्यांच्यापुढे हलका माल ठेवण्याची सोयच नव्हती. श्रमणाऱ्या माणसाची जीभ ही पहिली परीक्षक होती, हे आपण विसरू नये.

मग 1884 साली शहरात कापसाचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. देशोदेशींचे पाहुणे आले आणि या न्याहारीचा त्यांना शोध लागला. वर्तमानपत्रांतून वर्णने छापून आली. जागा थोडी, मागणी फार. आधी सांगून जागा राखून ठेवावी लागू लागली. 1900 मध्ये तर एका रेल्वे कंपनीने मादाम बेगे यांच्या पाककृतींचे पुस्तकच काढले, कारण ही न्याहारी चाखण्यासाठी प्रवासी गाडीत बसतील, हे तिने हेरले होते. ज्यांच्यासाठी चूल पेटली होती ते खाटीक मात्र हळूहळू मागे सरले. अंगावर रक्ताचे डाग असलेला माणूस रेशमी पोशाखाच्या शेजारी शोभेना! उंची उपाहारगृहाच्या जन्माची ही रीत जगात अनेक ठिकाणी दिसते. पदार्थ कष्टकऱ्यांचा, चव त्यांची. नाव झाले की खुर्ची दुसऱ्याची.

मादाम बेगे 1906 मध्ये वारल्या. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी याच शहरात उंची न्याहारीचा दुसरा अवतार झाला. ओवेन ब्रेनन हे आयरिश वंशाचे गृहस्थ. आयरिश माणसाला फार तर उकडलेले बटाटे समजतात, फ्रेंच पद्धतीचे उपाहारगृह त्याला कोठून चालविता येणार, असे कोणी तरी त्यांना हिणविले, आणि त्या ईर्ष्येने त्यांनी 1946 मध्ये आपले उपाहारगृह काढले, अशी कथा तेथे अजून सांगतात. 1948 मध्ये फ्रान्सिस पार्किन्सन कीझ या लेखिकेची ‘डिनर अॅट आंत्वान्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. आंत्वान हे तेथील 1840 पासूनचे नामांकित उपाहारगृह. कादंबरीमुळे तेथील रात्रीचे भोजन घरोघरी माहीत झाले. रात्र त्यांनी घेतली, तर सकाळ आपण घेऊ, असा विचार ब्रेनन यांनी केला आणि ‘ब्रेनन यांच्याकडील न्याहारी’ ही गोष्ट जन्माला आली.

या न्याहारीचा थाट काय वर्णावा! आधी ब्रँडी घातलेल्या दुधाचा पेला. मग कडक पाव, त्यावर मांसाची चकती, त्यावर वाईनचा दाट रस्सा, त्यावर पाण्यात अलगद शिजविलेली अंडी आणि या सर्वांवर लोण्याचा पिवळाधमक लेप. शेवटी केळी! मध्य अमेरिकेतून येणाऱ्या केळ्यांचे न्यू ऑर्लिअन्स हे मोठे बंदर होते. 1951 मध्ये तेथील मुख्य आचारी पॉल ब्लांजे यांनी लोणी, तपकिरी साखर आणि रम यांत केळी परतून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत त्यांना काडी लावून, आइस्क्रीमवर वाढण्याची युक्ती काढली. शहरातील गुन्हेगारीला आळा घालणाऱ्या नागरी मंडळातील रिचर्ड फॉस्टर हे ब्रेनन यांचे स्नेही. त्यांचे नाव या पदार्थाला दिले. आपण शिकरणात जे साधतो तेच त्यांनी ज्वाळा लावून साधले, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे उपाहारगृह रॉयल रस्त्यावरील 1795 च्या एका जुन्या वास्तूत नेण्याचे ठरले. या घरात एके काळी लुइझियानातील पहिली बँक होती; पुढे बुद्धिबळपटू पॉल मॉर्फी यांचे येथे वास्तव्य होते आणि 1884 मध्ये त्यांचा अंत याच घरी झाला. ब्रेनन यांना मात्र नवी जागा पाहणे लाभले नाही. 1955 च्या नोव्हेंबरात अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. 1956 मध्ये घरच्या मंडळींनी नव्या जागेचे दार उघडले. त्यांत धाकट्या भगिनी एला यांचे कर्तृत्व मोठे होते.

येथवर ऐकून आपल्या मनात येईल, की ही तर खाद्यपदार्थांची जंत्री झाली. यात न्यायालय कोठे आले? तर आता त्याच 1956 सालाकडे पुन्हा पाहू. त्या वर्षी लुइझियानाच्या विधिमंडळाने आणखी एक कायदा केला. गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र नाचणे, एकत्र खेळणे, करमणुकीच्या समारंभांत एकत्र येणे, हे सारे त्याने निषिद्ध ठरविले. या प्रकारच्या कायद्यांची परंपरा जुनी होती. 1890 मध्ये याच राज्याने आगगाडीत वर्णाप्रमाणे वेगळे डबे सक्तीचे केले. 1892 मध्ये होमर प्लेसी नावाच्या गृहस्थांनी न्यू ऑर्लिअन्समध्ये गोऱ्यांच्या डब्यात बसून त्या कायद्याला आव्हान दिले आणि 1896 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ‘वेगळे पण समान’ हे सूत्र त्या निकालातून रूढ झाले. डब्यातून ते शाळेत गेले, शाळेतून बागेत आणि उपाहारगृहात.

1890 हे साल ऐकताच पुण्याच्या इतिहासाची माहिती असणाऱ्यांचे कान टवकारले असतील. त्याच वर्षी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी चहा प्याली, आणि त्या चहाच्या पेल्यात जे वादळ उठले ते प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या मंडळींत लोकमान्य टिळक होते आणि न्यायमूर्ती रानडेही होते. 1875 मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा पाया घालून आपल्याला असे एकत्र बसावयास शिकविणारे ते हेच रानडे. तिकडे डबा, इकडे पेला. दोन समाज एकमेकांना ओळखतही नव्हते. परंतु शेजारी बसण्याची धास्ती दोघांना सारखीच होती.

रॉयल रस्त्यावरील त्या थाटाच्या भागातील अनेक स्वयंपाकघरांत राबणारे हात काळे होते. शिजविणारा चालत होता, वाढणारा चालत होता, भांडी घासणारा तर हवाच होता; खुर्चीवर बसणारा मात्र चालत नव्हता. आपल्याकडील स्पर्शबंदी अन्नाला हात लावू देत नव्हती. तेथे हात चालत होता, सोबत चालत नव्हती. विटाळाची ही दोन शास्त्रे परस्परविरुद्ध वाटतात. पण दोन्हींचा मथितार्थ एकच, की तू माझ्या बरोबरीचा नाहीस.

लिया चेस या बाईंची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. 1923 मध्ये जन्मलेल्या या कृष्णवर्णीय बाईंनी तरुणपणी याच भागातील उपाहारगृहात वाढपाचे काम केले. ज्या टेबलावर आपण ताट ठेवतो त्या टेबलाशी आपल्याला बसता येणार नाही, हे त्यांना रोज कळत होते. 1946 मध्ये त्यांचा विवाह झाला. सासरी सँडविच विकण्याचे लहानसे दुकान होते. बाईंनी हट्ट धरला, की येथेही पांढरे मेजपोस हवेत, नीट मांडलेले काटे-चमचे हवेत; आपल्या माणसांनाही तो मान मिळाला पाहिजे. ‘डूकी चेस’ हे त्यांचे उपाहारगृह अशा रीतीने नावारूपाला आले. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतील काळे-गोरे कार्यकर्ते कायदा मोडून त्याच्या माडीवर एकत्र बसत, खलबते करीत आणि बाई त्यांना वाढीत. 2019 मध्ये त्या वारल्या, तोवर राष्ट्राध्यक्षांनी त्यांच्या हातचे खाल्ले होते.

माडीवर जे ठरले ते रस्त्यावर उतरले 1960 मध्ये. त्या वर्षी 1 फेब्रुवारीला नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी चार विद्यार्थी एका दुकानातील खाण्याच्या गल्ल्यापाशी जाऊन बसले आणि उठेनात. सप्टेंबरात हे लोण न्यू ऑर्लिअन्सला पोचले. 17 सप्टेंबरला कॅनाल रस्त्यावरील मॅक्रोरी या दुकानात रूडी लोम्बार्ड, ओरेथा कॅसल, सेसिल कार्टर हे तिघे कृष्णवर्णीय विद्यार्थी आणि लॅनी गोल्डफिंच हा गोरा विद्यार्थी, असे चौघे शांतपणे जाऊन बसले. त्यांनी दगड उचलला नाही, घोषणा दिली नाही. फक्त खाणे मागितले. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली. खटला वर वर जात सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि 20 मे 1963 रोजी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अशा सत्याग्रहांना मुभा मिळणार नाही, असे शहराच्या महापौरांनी आधीच जाहीर केले होते. तेव्हा ही केवळ दुकानदाराची खासगी मर्जी नव्हे, सरकारनेच हा भेद लादला आहे, असे न्यायालयाने म्हटले.

कोणी म्हणेल, की ते तर स्वस्तातले दुकान. उंची न्याहारीशी त्याचा काय संबंध? संबंध असा, की दोन्ही दारांना कुलूप एकच होते. 1964 च्या जुलैमध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेले व उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. लगेच अलाबामा राज्यातील एक उपाहारगृहवाला न्यायालयात गेला. कामाला त्याला काळी माणसे चालत होती, टेबलाशी नको होती. केंद्राच्या कायद्याचा माझ्या खानावळीशी काय संबंध, असा त्याचा सवाल होता. न्यायालयाने त्याच्या खरेदीचा हिशेब पाहिला. त्याच्या मालापैकी सुमारे 46 टक्के भाग म्हणजे परराज्यातून आलेले मांस होते. राज्याराज्यांतील व्यापारावर केंद्राचा अधिकार चालतो. सबब हा कायदा तुला लागू आहे, असा निकाल डिसेंबर 1964 मध्ये लागला. ज्या खाटकांच्या भुकेतून मादाम बेगे यांची न्याहारी निघाली त्यांच्याच मालाने शेवटी दार उघडले, असे म्हटले तर आपण आम्हांला क्षमा कराल.

रूडी लोम्बार्ड यांचे काम मात्र तेथे संपले नाही. 1978 मध्ये नथॅनियल बर्टन या नामांकित आचाऱ्यांच्या जोडीने त्यांनी ‘क्रिओल फीस्ट’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात न्यू ऑर्लिअन्समधील पंधरा आचाऱ्यांच्या पाककृती त्यांच्या नावानिशी दिल्या आहेत. शहराची कीर्ती ज्या रश्शांवर उभी राहिली ते रांधणारे बहुतेक हात कृष्णवर्णीय होते, आणि मेन्यूवर मात्र मालकांची व फ्रेंच गावांची नावे होती. खुर्चीवरचा हक्क न्यायालयाने दिला; नावावरचा हक्क कोणते न्यायालय देणार? त्यासाठी पुस्तक लिहावे लागले. ज्याने तरुणपणी गल्ल्यापाशी बसून खाणे मागितले त्यानेच प्रौढपणी विचारले, की हे रांधले कोणी? दुसरा प्रश्न पहिल्याहून अवघड आहे, असे आम्हांला वाटते.

श्रोतेहो, परक्यांच्या दोषांची गणती करून समाधान मानावयाचे असते तर आम्ही हा विषय घेतला नसता. आपल्याकडेही ही कथा घडली आहे आणि तिच्यात लाजेबरोबर अभिमानाच्याही जागा आहेत. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला, तेव्हा शाहू महाराजांनी त्यांना चहाचे दुकान काढावयास साह्य केले. सत्यसुधारक हॉटेल हे त्याचे नाव. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तर छत्रपती स्वतः लवाजम्यासह तेथे थांबत, चहा मागवीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. तेथे टेबलावर पांढरे मेजपोस नसतील; पण त्या पेल्याहून उंची न्याहारी कोणत्या राजवाड्यात झाली असेल, असे आम्हांला वाटत नाही.

पुढे 26 जानेवारी 1950 रोजी आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. अमेरिकेच्या कायद्याआधी चौदा वर्षे आपण हे लिहून ठेवले. परंतु लिहिणे आणि वागणे यांत किती अंतर असते, हे न्यू ऑर्लिअन्सने आपल्याला दाखविले आहे. खेड्यापाड्यांत वेगळ्या ठेवलेल्या कपबशा या घटनेनंतरही दिसत राहिल्या, हे आपण विसरू शकत नाही.

उद्या सकाळी आपल्यापैकी कोणी एखाद्या चांगल्याशा उपाहारगृहात न्याहारीला गेलेच, तर अवश्य जावे. आम्ही उपास सांगावयास आलेलो नाही. डोसा कुरकुरीत असो, कॉफी कडक असो. एवढेच करावे, की शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे आणि कोण बसलेले दिसत नाही, हे एकदा पाहावे. आणि उठण्यापूर्वी आत रांधणाऱ्याचे नाव विचारून घ्यावे. त्याला तीन-चार अक्षरांपलीकडे काही लागणार नाही, बिलात त्याचा आकार पडणार नाही. मात्र वाढणाऱ्याला ते नाव चटकन आठवते की आत जाऊन विचारून यावे लागते, तेवढे ध्यानात ठेवून पुढच्या वर्षी आम्हांला येथे अवश्य सांगावे.